स्फोटानंतरचा ऑपेरा

अमेरिकी संगीतकार जॉन अ‍ॅडम्सचा ‘डॉक्टर अ‍ॅटॉमिक’ हा ऑपेरा २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा झाला. विषय आहे न्यू मेक्सिकोतली ट्रिनिटी अणुचाचणी, १६ जुलै १९४५, पहाटे ५.२९. दुसऱ्या अंकात वृंद गातो ते गीतेच्या अकराव्या अध्यायातलं ‘रूपं महत्ते बहुवक्त्रनेत्रं’, इंग्रजीत. अंगावर काटा येतो. पण हा ऑपेरा स्फोटापाशी थांबतो, आणि किरणोत्सारी धूळ पडायला लागते ती त्यानंतर.

संहिता लिहिणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. उलटी गणती रंगमंचावर आपोआप ताण आणते, किरणोत्सार आणत नाही. त्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलो प्लुटोनियम होतं. त्यातलं जेमतेम १ किलो विखंडित झालं, बाकीचं पसरलं. चाचणीच्या जागेजवळच्या टुलारोसा खोऱ्यातली माणसं छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून पीत, दूध दारच्या गाईचं, भाजी परसातली. त्यांना ना आधी सांगितलं, ना नंतर हलवलं. पहिल्या अंकात लष्करी डॉक्टर नोलन प्लुटोनियमच्या विषाबद्दल बजावतो, शेवटी ध्वनिमुद्रणातली जपानी बाई पाणी मागते. टुलारोसाचा आवाज मात्र संहितेत नाही.

२०१८ साली सांता फे ऑपेरात पीटर सेलर्सने, म्हणजे मूळ संहिताकारानेच, तिथल्या डाउनविंडर्सना, म्हणजे वाऱ्याबरोबर ती धूळ ज्यांच्यावर पडली त्या कुटुंबांना, प्रत्यक्ष रंगमंचावर उभं केलं. ते गायले नाहीत. त्यांचं नुसतं तिथे असणं फार मोठं होतं, तरी माझ्या मते काम अर्धंच झालं.

पुढचं काम, म्हणजे त्यांच्या साक्षी गाण्यात आणणं, कारागिरीचं आहे. गायलेलं वाक्य बोललेल्यापेक्षा दुपटी-तिपटीने लांबतं, त्यामुळे तासाभराच्या साक्षीतून गाण्यापुरत्या मोजक्याच ओळी उरतात. त्या निवडताना ‘आम्ही फार सोसलं’ हे गाळा, ‘हौदावर झाकण नव्हतं’ हे ठेवा. तारखा आणि आजारांची नावं आरियात, म्हणजे एकट्याच्या भावगर्भ गाण्यात, घालू नका. ती संवादासारख्या गायनात, खाली तंतुवाद्यांचा एकच लांब सूर ठेवून येऊ द्या. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीची गायिका, फार वर गेली की सगळे स्वर, ‘आ’ काय नि ‘ई’ काय, एकसारखेच ऐकू येतात. म्हणून महत्त्वाचा शब्द मधल्या पट्टीत हवा, आणि तेवढ्यापुरती पितळी वाद्यं गप्प हवीत.

सर्वांत जास्त बिघडतं ते धुळीला आवाज देण्याच्या मोहाने. ढोल आणि झांजा वाजल्या की पुन्हा स्फोटच ऐकू येतो. त्यापेक्षा एकच साधं गाणं, पाणी भरण्याचं, चार वेळा येऊ द्या आणि दर वेळी वृंदातला एक आवाज काढा. आधी मधला काढा: गंधार गेला की स्वरसंगती पोकळ होते, आणि काहीतरी हरवलंय हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

तालमीआधी संहिता त्या कुटुंबांना वाचून दाखवायची, आणि ते नको म्हणतील ती ओळ काढायची. प्रयोगाच्या शेवटी दाखवायची मजकुराची पाटीही तपासून घ्या. १९९० च्या अमेरिकी भरपाई कायद्यातून ट्रिनिटीचे रहिवासी वगळलेले होते, जुलै २०२५ मध्ये त्यांचा समावेश झाला. ‘अजून एक पैसा नाही’ असं लिहिलेली पाटी आता बदलावी लागेल.