दिल्लीचा धूर म्हणे

नोव्हेंबर लागला की ग्वाल्हेरात आमच्या लष्कर भागात सगळ्यांचं एकच, दिल्लीचा धूर आला. मी मग नासाची वर्ल्डव्ह्यू ही वेबसाइट उघडतो, फुकट आहे, फोनवर पण चालते, तारीख टाका की त्या दिवशीचा उपग्रहाचा फोटो समोर. लाहोरपासून पटना, पुढे बंगालपर्यंत तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा करडा पट्टा पसरलेला असतो, उत्तरेला हिमालय आडवा, थंडीत वारा मंद आणि वर गरम हवेचा थर बसलेला, मग धूर जाणार कुठे. (पांढरंशुभ्र दिसतं ते धुकं, करडं ते प्रदूषण, लोक दोन्ही एकच समजतात.) ग्वाल्हेर त्या पट्ट्याच्या दक्षिण काठाला, खाली माळव्यात बरेचदा जमीन स्वच्छ दिसते, त्यामुळे इंदूरची आत्या फोनवर जास्तच ऐकवते.

पण फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उपग्रह वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र बघतो, नाकापाशी किती आहे ते वेगळंच. मे महिन्यात राजस्थानची धूळ उंचावर असते, फोटो भयंकर दिसतो, जानेवारीत तेवढाच करडेपणा जमिनीलगत दाबलेला असतो आणि छातीला तोच जास्त बाधतो. नकाशावर आगी दाखवणाऱ्या लाल ठिपक्यांचंही तसंच, त्या आगी टिपणारा अमेरिकेचा सुओमी एनपीपी उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, आणि पंजाब-हरियाणात आता बरीच पराली (भात कापल्यावर शेतात उरलेली धसकटं) त्यानंतर पेटवतात, हे कोरियाच्या एका जागी स्थिर राहणाऱ्या उपग्रहावरून लक्षात आलं. म्हणजे ठिपके कमी झाले म्हणून लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत.

मला खरी गंमत वाटते सेंटिनेल-५पीची, २०१७ साली सोडलेला युरोपचा उपग्रह. तो नायट्रोजन डायऑक्साइड दाखवतो, गाड्या आणि कोळशाच्या वीजघरांतून निघणारा, अशा वीजघरांचं सिंगरौली तर त्यात लगेच ओळखू येतं. हा वायू हवेत काही तासच टिकतो, फार लांब जात नाही. दिल्ली इथून सरळ रेषेतही पावणेतीनशेच्या वर किलोमीटर. तेव्हा आपल्या डोक्यावर जो दिसेल तो बहुतेक लष्करातल्या महाराज बाडा चौकात संध्याकाळी अडकलेल्या टेम्पोंचा, आपल्याच स्कूटरींचा. आणि एप्रिलच्या तारखा पण टाकून बघा जरा, गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतरची धसकटं, जळते तेव्हाचे ठिपके आपल्याच मध्य प्रदेशात असतात, त्याला कोणी दिल्लीचा धूर म्हणत नाही.