तुम्ही विचारलंत म्हणून: बैठकीसाठी कोणता कंडेन्सर माइक?

मी शास्त्रीय गाण्याच्या बैठका रेकॉर्ड करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: न्यूमनचा केएम १८४, एकेजीचा सी ४१४ की रोडचा एनटी ५?

समोरच्या गवयाचा आवाज तिघेही चांगला घेतात. खरा फरक कळतो तो शेजारच्या तबल्यावरून. बैठकीत गवयाच्या एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तंबोरे. गाण्याच्या माइकमध्ये तबला शिरणारच. तो कसा शिरतोय, तेवढं ऐकायचं.

सी ४१४चा डायफ्रॅम, म्हणजे आवाजाने थरथरणारा आतला पातळ पडदा, मोठा. तो कार्डिऑइडवर, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणाऱ्या पॅटर्नवर, ठेवला की बाजूने येणाऱ्या आवाजाचा वरचा भाग गळतो, खालचा राहतो. तबल्याच्या ‘ना’ या बोलाची चाट बोथट होते, डग्ग्याचा घुमारा मात्र भरपूर येतो. मग तबल्याला लावलेला माइक कितीही स्वच्छ असो, मिक्समध्ये, म्हणजे सगळे माइक एकत्र केल्यावर, हा बसका तबला त्याच्यावर येऊन बसतो आणि इक्वलायझरने काढायला जावं तर गाणंही बिघडतं. केएम १८४चा डायफ्रॅम लहान. त्यात बाजूचा तबला दबतो, पण तबलाच राहतो. म्हणून माझी पहिली पसंती त्याला. ९ किलोहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे वरच्या तीक्ष्ण आवाजात, त्याला किंचित चढ आहे. एखाद्याचे ‘स’, ‘श’ टोचत असतील तर माइक थेट तोंडावर न रोखता जरा खाली वळवावा.

पण सी ४१४ला मोडीत काढू नका! तो फिगर-एटवर, म्हणजे पुढून आणि मागून सारखाच आवाज घेणाऱ्या पॅटर्नवर, टाकून बघा. या पॅटर्नमध्ये माइकच्या दोन्ही बाजू जवळजवळ बहिऱ्या असतात. तबला आणि पेटी नेमक्या त्याच बाजूंना येतील असा माइक ठेवला, तर गाणं इतकं सुटं येतं की ऐकतच राहावं. मागच्या अंगाने श्रोत्यांची दाद येते, ती मला हवीच असते. फक्त जवळून खर्ज फुगतो, तेव्हा माइक थोडा लांब घ्या किंवा त्याच्यावरचाच ८० हर्ट्‌झचा कट (त्याखालचा आवाज कमी करणारा) लावा.

पैसे बेताचे असतील तर एनटी ५ची जोडी बिनधास्त घ्या. त्याची स्वतःची खरखर १६ डेसिबल, केएम १८४ची १३. पंखे चालू असलेल्या सभागृहात हा फरक कुणाला ऐकू येणार?

आणि स्वतः तुलना करणार असाल तर दोन्ही माइक शेजारी शेजारी लावून एकाच वेळी रेकॉर्ड करा, कारण तीच तान कुणी दुसऱ्यांदा तशीच घेत नाही. ऐकण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करा. एखादा डेसिबल मोठा असलेला माइक उगाचच सरस वाटतो. मग गवई थांबून तबला एकटा वाजतोय अशी जागा शोधा आणि गाण्याच्या माइकवर फक्त ‘ना’ ऐका.