मियाटाची घराणी

माझदाची एमएक्स-5 फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये आली. अमेरिकेत तिचं नाव मियाटा पडलं, जपानात युनोस रोडस्टर. दोन सीटा, उघडणारा कापडी टप, पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. उघडमीट होणाऱ्या हेडलाइटांची पहिली पिढी 1997 पर्यंत चालली. चेसिस कोडवरून तिला ‘एनए’ म्हणतात आणि हा लेख तिच्याबद्दलच आहे. कंपनीने ही गाडी भारतात कधी विकली नाही, त्यामुळे खालचे उद्योग ज्यांना खरंच करता येतील ते वाचक बहुतेक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया नाहीतर जपानात असणार.

गाण्यात घराणी असतात तशी मियाटावाल्यांमध्येही आहेत. एका घराण्याला दुसऱ्याचं गाणं बेसूर वाटतं, हेही तसंच. पण भांडण चवीचं दिसलं तरी मुळात ते हिशेबाचं आहे. या गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल मुळातच थोडी, इंजिनाभोवती जागा थोडी, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलची (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या दातेरी पेटीची) सहनशक्ती बेताची. एका बाजूला मिळवलं की दुसऱ्या बाजूला काहीतरी जातं. काय घालवायला आपण तयार आहोत, त्यावर घराणं ठरतं.

घराणं कुठलंही असो, आधी तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, रेडिएटर. त्याची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असते. ती तपकिरी-हिरवट दिसायला लागली की फुटायच्या बेतात आली समजा. दुसरी, सीटांमागे टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी मागच्या चाकापुढच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, उतरतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. तिसरी, 1991 च्या मध्यापर्यंतच्या 1.6 लिटर इंजिनांचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा. त्याचं पुढचं टोक आखूड आहे. पुली कधी नीट आवळली गेली नसेल तर तिला जागेवर धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजते, पुली डुलायला लागते आणि टायमिंग हलतं. खालच्या पुलीला चार खाचा असतील तर क्रँक आखूड, आठ असतील तर लांब. टायमिंग बेल्ट बदलताना हे तपासावंच, कारण तेव्हा सगळं उघडलेलंच असतं.

आता घराणी. सगळ्यात मोठा गोतावळा गाडी खाली बसवणाऱ्यांचा. त्यातही दोन पंथ आहेत: वळणावर गाडी चिकटावी म्हणून खाली घेणारे आणि दिसायला झोपलेली हवी म्हणून खाली घेणारे.

पहिल्या पंथाचं माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतात. पुढे 13 इंच, म्हणजे 330 मिलिमीटर, आणि मागे पाव ते अर्धा इंच जास्त. याच्या खाली गेलं की एनएचं शॉक अॅब्सॉर्बर बंप स्टॉपवर टेकून राहतं. बंप स्टॉप म्हणजे शेवटचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा. गाडी त्यावरच बसली तर स्प्रिंग कितीही महागडी असली तरी काम करतो तो रबरच, आणि वळणाच्या मध्यावर खड्डा आला की मागचं चाक उडी मारतं. ‘स्प्रिंगा फार कडक झाल्या’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी गाड्यांत दोष स्प्रिंगचा नसून या ठोकळ्याचा असतो. उपाय स्वस्त आहे: दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे एनबीच्या, शॉकवरच्या वाट्या आणि आखूड बंप स्टॉप बसवायचे. शॉकच्या दांडीला हलायला जास्त जागा मिळते.

काम करताना एक चूक हमखास होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि त्याच अवस्थेत विशबोनचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट कचकचून आवळून टाकले जातात. या सांध्यांतल्या बुशांमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर प्रत्येक बुश कायमचं पिळलेलं राहतं. मग गाडी हवी त्यापेक्षा उंच उभी राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क रेंच लावायचा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकं रॅम्पवर चढवायची.

अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, खालच्या विशबोनांना आठ एक्सेंट्रिक (फिरवले की कोन बदलणारे) बोल्ट आहेत, प्रत्येक चाकाला दोन. तीस वर्षांच्या गाडीत यातले एकदोन बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेले असतातच. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी हलले नाहीत तर हातोडा घालत बसू नका. बोल्ट दोन्ही बाजूंनी करवतीने कापा आणि नवे बुश-बोल्ट आधीच मागवून ठेवा. नाहीतर गाडी आठवडाभर दुसऱ्याच्या लिफ्टवर लटकून राहते आणि मैत्रीची परीक्षा होते.

रोजच्या आणि घाटातल्या गाडीसाठी चालणारे आकडे असे: पुढे कँबर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची कड आत) उणे 1 ते उणे 1.5 अंश, मागे त्याहून अर्धा अंश जास्त, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) 5 अंशांच्या आसपास, पुढे टो (वरून बघता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर) शून्य, मागे एकूण दीड मिलिमीटर आत. मागचा टो बाहेर गेला तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी शेपूट फिरवते. अलाइनमेंट करताना चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा. साडेनऊशे किलोच्या गाडीत पंचाहत्तर किलो म्हणजे थट्टा नव्हे.

चाकांचं म्हणाल तर चार बोल्ट, 100 मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक 54.1 मिलिमीटर. 15 इंची, 7 इंच रुंद रिमवर 195/50 टायर निमूट बसतो. 8 इंच रुंदी, 36 चा ऑफसेट (चाकाची बसायची पातळी रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर) आणि 205/50 घेतलं की खाली बसवलेल्या गाडीत मागच्या मडगार्डची आतली कड वळवावी लागते. ती वळवताना रंग हीट गनने हाताला चटका बसेल इतका गरम करून, रोलर हळूहळू पुढे न्यायचा. थंड पत्र्यावर घाई केली की रंगाला केसासारख्या चिरा जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. 17 इंची चाकं या गाडीला घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. मूळ 14 इंची, सात पाकळ्यांचं ‘डेझी’ चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं. त्या जागी दहा किलोचं चाक लावून मग हलक्या बॅटरीवर पैसे खर्च करणारे लोक आहेत.

दुसरा पंथ स्टान्सवाल्यांचा. कँबर उणे 5 किंवा त्याहूनही जास्त, 9 इंच रिमवर ताणून चढवलेला 195 चा टायर. हा टायर बनवणारे त्याला 7 इंचांपर्यंतचंच रिम सांगतात; 9 इंचांवर हवा थोडी कमी झाली की तो रिमवरून निसटू शकतो. टायरची आतली कड खाल्ली जाते त्याचा दोष सगळे कँबरला देतात, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टो असतो. गाडी खाली घेतली की टो आपोआप बदलतो आणि अलाइनमेंट परत केलेलं नसतं. जपानात मात्र गाडी किती झोपवायची याला सरकारी तपासणीची मर्यादा आहे, जमिनीपासून 9 सेंटिमीटर तरी जागा लागते.

झोपवलेल्या गाडीचं आणखी एक दुखणं उशिरा कळतं. बंपरखाली प्लॅस्टिकचा एक मोठा ट्रे असतो. तो वारा रेडिएटरमधून जायला भाग पाडतो. गतिरोधकावर तो दोनदा घासतो, तिसऱ्यांदा फाटतो, आणि मालक ‘नाहीतरी काय काम होतं त्याचं’ म्हणून काढून टाकतो. मग महामार्गावर काटा चढतो आणि थर्मोस्टॅटला शिव्या बसतात.

टर्बोच्या घराण्यात तर हा ट्रे नसेल तर कामाला हातच लावू नये. या इंजिनाचं मूळ आडव्या बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या माझदात आहे. मियाटात ते उभं बसवलं तेव्हा थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप दोन्ही पुढच्या टोकाला आले, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरभोवती पाणी कमी फिरतं. मूळ ताकदीत चालून जातं, ट्रॅकवर किंवा टर्बोसोबत नाही. म्हणून पाण्याचा बाहेर पडायचा मार्ग हेडच्या मागच्या टोकाला नेतात. फायरवॉलपाशी जागा इतकी चिंचोळी की हे काम इंजिन बाहेर असतानाच उरकलेलं बरं.

मूळ 1.6 वर सहा ते आठ पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, चालतो. मागच्या चाकांवर दोनशे अश्वशक्तीच्या पुढे गेलं की कनेक्टिंग रॉड वाकायचा धोका सुरू होतो. रॉड वाकवतो तो कमी आरपीएमवर एकदम येणारा टॉर्क. त्यामुळे बूस्ट हळू चढवणारी ट्यूनिंग इंजिनाला जगवते. मूळ एअरफ्लो मीटर म्हणजे वाऱ्याच्या वाटेतली एक झडप, ती काढून स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि दाबाचा सेन्सर लावतात. इथे पुष्कळजण अडखळतात: मॅन्युअल गिअरच्या 1.6 मध्ये थ्रॉटलवर सेन्सर नसून नुसता स्विच आहे, पाय उचललेला की पूर्ण दाबलेला एवढंच तो सांगतो. नव्या ईसीयूला मधली स्थितीही लागते, म्हणून खरा सेन्सर आधी बसवा. हवा-इंधन प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड मीटरशिवाय बूस्ट चालवू नका; पूर्ण दाबाखाली हवा-इंधन प्रमाण साडेअकराच्या आसपास हवं.

इंजिन तगलं तर पाळी डिफरन्शिअलची. 1.6 चं क्राउन व्हील, म्हणजे त्यातलं मोठं दातेरी चाक, 6 इंची, ते टर्बोसमोर दात टाकतं. 1.8 लिटर इंजिनाच्या एनएचं 7 इंची बसवायचं असेल तर डिफरन्शिअल, प्रॉपेलर शाफ्ट आणि दोन्ही हाफ शाफ्ट असा पूर्ण संच एकाच गाडीतून घ्या. ब्रेकही तेव्हाच बदला. 1.6 ची पुढची डिस्क 235 मिलिमीटर, 1.8 ची 255.

अमेरिकेतली स्पेक मियाटा ही शर्यत म्हणजे शिस्तीचं घराणं. सगळ्यांना जवळपास सारखीच गाडी, पुढे 700 आणि मागे 325 पौंड प्रति इंच स्प्रिंगा, जिंकायचं ते चालवून. त्यांच्याकडून एक गोष्ट सगळ्यांनी उचलावी, ती म्हणजे रोल बार, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान. बसवल्यावर बारच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या वरच्या कडेपर्यंत सरळ काठी ठेवा. हेल्मेटसकट डोकं तिच्याखाली दोन इंच तरी हवं. रस्त्यावर हेल्मेट नसतं, म्हणून बारवर कडक फोमचं वेष्टण लागतंच. मऊ स्पंज तिथे शोभेपुरता.

व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवणाऱ्यांबद्दल थोडक्यात: इंजिन मावतं, वजन फार वाढत नाही, पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलला जोडणारी लांब अॅल्युमिनियमची चौकट, पॉवर प्लांट फ्रेम, जाते. म्हणजे दोन्ही टोकांना नवे माउंट, नवं डिफरन्शिअल, बदललेलं सबफ्रेम. खर्चाचा अंदाज काढा आणि दुप्पट करा. ‘एक्सोसेट’ किटवाले उलट दिशेने जातात, बॉडीच काढून टाकतात आणि नळ्यांच्या चौकटीवर मियाटाची सगळी यंत्रणा चढवतात. कुजलेल्या सिलच्या गाडीला याहून चांगली गती नाही. उंच करून जाड टायर घालणारेही आहेत; त्यांची गंमत त्यांना लखलाभ.

राहिलं जुन्या चालीचं घराणं: आठ आऱ्यांची वातानाबे चाकं, लाकडी नार्डी स्टीअरिंग. एअरबॅग असलेलं स्टीअरिंग काढण्याआधी बॅटरी सोडून थांबावं लागतं आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. या गाडीत बॅटरी डिकीत आहे, ती बॉनेटखाली शोधू नका. मूळ स्टीअरिंग, डेझी चाकं, एअरफ्लो मीटर, जे काही काढाल ते पिशवीत घालून, बोल्टांसकट, चिठ्ठी लावून ठेवा. जपानात माझदाने स्वतः एनएची पुनर्बांधणी करून द्यायची सेवा 2017 मध्ये जाहीर केली. त्यासाठी कापडी टप, नार्डीचं लाकडी स्टीअरिंग आणि ब्रिजस्टोनचा 185/60 मापाचा 14 इंची एसएफ325 टायर पुन्हा बनवून घेतला गेला. तो टायर बसतो मूळच्या साडेपाच इंच रुंद चाकावर, आणि भंगारात टाकलं जातं नेमकं तेच.