पांढरी सात

रविवार, रात्री साडेदहा

लेकीचा कीबोर्ड आज पाच महिन्यांनी कव्हरातून बाहेर काढला. ती बर्लिनला गेल्यापासून तो तिच्या खोलीत कपाटाला टेकून उभा होता. ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि छापून आणलेली पानं समोर लावली. एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्टचं 'फ्यूर अलिना', म्हणजे अलिनासाठी.

या माणसाचं संगीत मला तिनंच पाठवलं. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, रात्री दीड वाजता. 'आई, झोप येत नसेल तर हे ऐक.' पियानो आणि व्हायोलिन, नाव 'श्पीगल इम श्पीगल', म्हणजे आरशात आरसा. झोप काही आली नाही. उठून बसले आणि पुन्हा लावलं. त्यानंतर पॅर्टबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता 'फ्यूर अलिना'पाशी येऊन थांबले.

गोष्ट 1976 सालची. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात. पॅर्टच्या ओळखीच्या घरातली एक मुलगी शिकायला इंग्लंडला गेली आणि आई मागे राहिली. तेव्हा मध्ये नुसतं अंतर नव्हतं, सरहद्द होती. तिकीट काढून भेटून यावं असा तो काळ नव्हता. ही छोटी रचना नावानं मुलीची आहे, पण लिहिली ती त्या आईला धीर यावा म्हणून. हे वाचलं त्या दिवशी मी पानं छापून आणली.

पानावर ताल नाही. काळे ठिपके म्हणजे आखूड सूर, पांढरे म्हणजे लांब. सुरुवातीला खाली खर्जात एकच सूर, दोन सप्तकांत एकदम. पुढच्या मापात, म्हणजे पुढच्या तुकड्यात, दोन सूर, मग तीन, मग चार, असं आठपर्यंत वाढत जायचं आणि तसंच एकेक कमी करत दोनावर यायचं. संपलं. वर जर्मनमध्ये सूचना आहे: शांतपणे, उदात्तपणे, स्वतःच्या आत कान देऊन.

मला पाश्चात्त्य स्वरलिपी अडखळतच वाचता येते, म्हणून सगळं सरगममध्ये उतरवून घेतलं. षड्ज पांढरी सातचा, म्हणजे पेटीच्या सातव्या पांढऱ्या पट्टीचा. उजवा हात सप्तकात फिरतो. डावा हात मात्र सा, कोमल ग आणि प एवढ्यातच राहतो, उजव्याच्या प्रत्येक सुराला यातला एक सूर खालून जोडीला देतो. पॅर्टच्या पुढच्या सगळ्या संगीताचं मूळ एवढंच आहे. त्यानं त्याला नाव दिलं टिंटिनाबुली, लॅटिनमधल्या छोट्या घंटेवरून. तो म्हणतो, एक आवाज माणसाचा, चुकणारा, भटकणारा. दुसरा क्षमा करणारा. त्याची बायको नोरा हे एका ओळीत मांडते: एक अधिक एक बरोबर एक.

कीबोर्डला सूर धरून ठेवणारं पेडल नाही. खर्जातला पहिला सूर दोन-तीन सेकंदांत विरून जातो आणि वरचे सूर अधांतरी पडतात. शेवटी फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप पांढरी सातला लावलं, आवाज अगदी बारीक ठेवला आणि त्यावर वाजवलं. पॅर्टला हे चालेल का, ठाऊक नाही. मला मात्र पहिल्यांदाच पायाखाली जमीन लागली.

बुधवार

ऑफिसातून येताना बसमध्ये पॅर्टच्या मौनाचाच विचार डोक्यात होता, मध्येच काही वर्षं त्यानं लिहिणं थांबवलं त्याचा.

1935 साली पाइदे गावी जन्म, बालपण राकवेरेत. घरातल्या जुन्या पियानोच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, म्हणून हा पोरगा अगदी वरच्या आणि अगदी खालच्या सुरांशी खेळायचा. टालिनमध्ये हाइनो एल्लर यांच्याकडे शिक्षण, एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी. 1960 मध्ये बारा स्वरांच्या पद्धतीनं रचना केली म्हणून अधिकाऱ्यांची बोलणी खाल्ली. 1968 मध्ये 'क्रेडो' झालं. माझी येशूवर श्रद्धा आहे, असं भर सोव्हिएत राजवटीत वाद्यवृंद आणि गायकवृंदाच्या तोंडून जाहीर म्हणवलं. व्हायचं ते झालं. ती रचना पुन्हा वाजू दिली नाही.

आणि मग तो थांबला. 1971 ची तिसरी सिम्फनी सोडली तर 1976 पर्यंत जवळपास काहीच नाही.

लोक या आठ वर्षांबद्दल फार हळुवार बोलतात. मौन, ध्यान, शांतता. मला ते पटत नाही. या वर्षांत तो वह्यांमागून वह्या भरत होता. चर्चमधलं जुनं ग्रेगोरियन गायन, एकाच आवाजाचं, साथ नसलेलं, ते समोर ठेवून शिकत होता. स्तोत्र वाचायचं, बाजूला ठेवायचं आणि लगेच एक सुरावट लिहायची. उडत्या पक्ष्यांच्या थव्याची रेघ काढायची आणि तिच्यावरून सूर लिहायचे. पानंच्या पानं, एकही कोणाला ऐकवण्यासाठी नाही. चाळिशीला आलेला, नाव झालेला संगीतकार पुन्हा सा लावायला बसला होता.

माझा रियाज सासऱ्यांच्या आजारपणात सुटला, त्याला दोन वर्षं झाली. मध्यंतरी मीही मनाशी म्हणत होते की हा मौनाचा काळ आहे, आत काहीतरी मुरतंय. आज ते खोडून टाकते. त्याच्या वह्या भरत होत्या, माझी कोरी आहे.

त्याच काळातली एक आठवण तो सांगतो. घरासमोर बर्फ झाडणाऱ्या माणसाला त्यानं विचारलं, संगीतकारानं संगीत कसं लिहावं? तो माणूस म्हणाला, त्याला प्रत्येक सुरावर प्रेम करावं लागत असेल. पॅर्ट म्हणतो, असं उत्तर त्याला कोणी दिलं नव्हतं. माझ्या गाण्याच्या बाई खर्ज भरायला बसवायच्या तेव्हा म्हणायच्या, 'सुराला घाई नसते गं, आपल्याला असते.'

शनिवार

सकाळी पॅर्टचं 'कान्टुस' ऐकलं, हेडफोन लावून, दार लोटून. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन 1976 च्या डिसेंबरात गेले. त्यांना भेटायचं राहून गेलं, याची पॅर्टला चुटपुट होती. त्यांच्या स्मरणार्थ ही रचना 1977 मध्ये केली. तंतुवाद्यं आणि एक घंटा, बस. सगळी वाद्यं एकच अवरोह घेत उतरतात, पण प्रत्येक थर वरच्याच्या निम्म्या लयीत. व्हायोलिनं उतरून पुन्हा वर जाऊन उतरतात तोवर डबल बास जेमतेम दोन पायऱ्या खाली आलेला असतो. सहा मिनिटं नुसतं उतरणं. गंधार सगळा कोमल.

शेवटी सगळे तळाशी येऊन थांबतात आणि तेवढ्यात घंटा हलकेच वाजलेली असते. वाद्यांच्या गजरात तो ठोका ऐकूच येत नाही. वाद्यं थांबली की ती एकटी उरते आणि तिच्या नादातून वर येतो शुद्ध गंधार. कोणीही न वाजवलेला.

मी हेडफोन काढून तशीच बसून राहिले. बाईंकडे पहिलं वर्षभर हेच तर केलं होतं. तंबोरा जुळला की डोळे मिटायला लावायच्या, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत गायचं नाही. मला तो तिसऱ्या महिन्यात ऐकू आला होता. तेव्हा मी रडले होते, हेही आज आठवलं.

1980 मध्ये पॅर्ट कुटुंबाला देश सोडावा लागला. सोव्हिएत सरहद्दीवर ब्रेस्टच्या स्टेशनात सामानाची झडती झाली, सात बॅगा. त्यात टेप होत्या, पोलिसांनी त्या लावायला सांगितलं, आणि त्या रिकाम्या स्टेशनात 'कान्टुस' वाजलं. पुढे व्हिएन्ना, मग बर्लिन, तीस वर्षं. आता तो पुन्हा एस्टोनियात आहे. त्या वह्या लाउलासमाच्या पाइनच्या जंगलात, त्याच्या नावाच्या केंद्रात ठेवल्या आहेत. लेकीला म्हटलं, एकदा जाऊन बघून ये.

रात्री

तिचा व्हिडिओ कॉल होता. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि तिला 'फ्यूर अलिना' वाजवून दाखवलं. अकराव्या मापात डावा हात एकदाच आपला नियम मोडतो, रेवर जातो. तिथे पॅर्टनं पानावर एक फूल काढलं आहे. तिथे मी चुकले, सवयीनं सा दाबला गेला.

"आई, फूल राहिलं," ती म्हणाली.

मी पहिल्या खर्जापासून पुन्हा सुरुवात केली.