ग्रीगची 'आरिएट्टा': अंगठा अखेर दबला

मंडळी, गेल्या नोंदीत लिहिलं होतं की 'आरिएट्टा'चे स्वर हातात बसले, पण चाल काही ऐकू येत नाही. मधले तीन आठवडे तेवढ्या एकाच गोष्टीमागे होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगने 'लिरिक पीसेस' या नावाने पियानोसाठी ६६ छोट्या रचना केल्या, १० संचांत. त्यातली अगदी पहिली ही. जेमतेम २३ बार, म्हणजे तालाचे छोटे विभाग. वर चाल, खाली बेस (खर्जाचे स्वर) आणि मधून तुटक्या कॉर्डचे, म्हणजे एकत्र न वाजवता एकेक करून वाजवलेल्या स्वरसमूहाचे, स्वर वाहत असतात, तेही दोन्ही हातांत वाटलेले. म्हणजे उजव्या हाताच्या करंगळीकडची बोटं गातात आणि त्याच पंजातली अंगठ्याकडची साथ करतात. अंगठा जात्याच जड, त्यामुळे माझ्याकडे साथच गाण्यावर चढून बसली होती.

याचं मूळ पेटीत आहे असं आता वाटतं. लहानपणापासून पेटी वाजवली. तिथे आवाजाचा जोर भात्यात. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, दोन एकत्र दाबल्या की दोन्ही सारख्याच बोलणार. पियानोवर मात्र प्रत्येक बोटाचं वजन वेगळं ऐकू येतं. पेटीवरून पियानोकडे आलेल्यांनी हे पहिल्या महिन्यातच लक्षात घ्यावं. मला फार उशिरा कळलं.

मग पहिले दोनच बार घेतले आणि चार दिवस तेवढेच वाजवले. करंगळीने पट्टी तळापर्यंत दाबायची, अंगठ्याने मात्र नुसतं टेकायचं, आवाज निघू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं की करंगळी पहिल्या पेरात मोडते आहे. ती टोकावर उभी केली, मनगट किंचित बाहेर झुकवलं, तसं हाताचं वजन आपोआप तिच्याकडे गेलं. स्वर एकदम गोल झाला! त्यानंतर अंगठ्याला हळूहळू बोलू दिलं. जोडीला काळी दोनचा सा धरून चाल सरगममध्ये म्हणायची आणि हाताने फक्त मधले स्वर वाजवायचे. श्वास कुठे घ्यायचा ते यातूनच कळलं.

पेडलची, म्हणजे स्वर घुमत ठेवणाऱ्या पायपट्टीची, चूकही सापडली. पाय आणि बेसचं बोट एकदमच खाली जात होतं, म्हणून आधीचा कॉर्ड नव्यात मिसळायचा. आता बेस वाजताना पाय वर, मग लगेच खाली. डाव्या हाताला अजून घाई होते, ते राहिलंच आहे.

रोज झोपण्यापूर्वी पियानोवादक एमिल गिलेल्सचं निवडक 'लिरिक पीसेस'चं १९७४ चं ध्वनिमुद्रण ऐकते. त्याची सुरुवात 'आरिएट्टा'ने होते आणि शेवट 'एफ्टरक्लांग'ने, म्हणजे दहाव्या संचातल्या शेवटच्या रचनेने. १८६७ ची तीच चाल ग्रीगने १९०१ मध्ये वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचा नाच) करून परत आणली आहे. मधे ३४ वर्षं. पहिल्यांदा ओळखू आली तेव्हा डोळे भरून आले.

कालच 'एफ्टरक्लांग'ची पहिली ओळ वाचायला घेतली. चाल ओळखीची, पण आता ठोके तीन. पुढची नोंद तिच्यावर.