निवृत्त सर आणि शिक्षक मतदारसंघ

आज दादरला काही निवृत्त शिक्षकांत आमदारकीची चर्चा रंगली. एका सरांच्या मनात विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातून (इथे शिक्षकच आमदार निवडतात) उभं राहायचं आहे. उमेदवार शिक्षक असण्याची अट नाही: वय ३० पूर्ण, राज्यात कुठेही विधानसभेचा मतदार, दहा सूचक, १०,००० रुपये अनामत. झालं! खरी मारामार मतदार नोंदणीची.

शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोरी होते. जुन्या यादीत नाव होतं म्हणून गाफील राहिलात की संपलं. नमुना १९ (नोंदणीचा अर्ज) पुन्हा भरायचा, १ नोव्हेंबरच्या आधीच्या सहा वर्षांत माध्यमिक किंवा वरच्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवल्याचा दाखला जोडायचा. त्यावर संस्थाप्रमुखांची सही लागते, आणि अर्ज अडकतात ते इथेच. प्राथमिकच्या शिक्षकांना तर मतच नाही (हे मला कधीच पटलेलं नाही). निवृत्त होऊन चारेक वर्षं झाली की सरांचं स्वतःचं नावही यादीत बसत नाही.

मतदानातली गंमत वेगळी. आयुष्यभर बरोबरच्या खुणा करणारा हात मतपत्रिकेवरही तीच करतो आणि मत बाद! केंद्रावरच्या जांभळ्या स्केचपेननेच पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ आकडा लिहायचा. अक्षरी ‘एक’ चालत नाही, सही तर नाहीच. पुढचे पसंतीक्रम ऐच्छिक, पण वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा कुणीच गाठला नाही, तर तळातला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिकांवरचा २ मोजला जातो. म्हणून सरांनी दुसऱ्या गटाच्या शिक्षकांकडेही जावं. पहिली पसंती नाही, तर निदान दुसरी मागावी.