तुम्ही विचारलंत म्हणून: पाऊस एवढा पुसट का?

प्रयोग संपला की कुणी ना कुणी विंगेत येऊन विचारतंच. ‘आधीच्या नाटकात केवढा धो धो पाऊस पाडला होतात! या वेळी दिसलासुद्धा नाही. प्रोजेक्टर बिघडला होता का?’ प्रोजेक्टर ठणठणीत होता आणि पाऊसही होता. पूर्ण ११ मिनिटं, खिडकीच्या तावदानावर आणि दाराबाहेरच्या अंधाराच्या एका पट्ट्यात. तेवढाच ठेवायचा हे मी ठरवलेलं होतं. का, ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून आजवर ‘हो का, बघते’ म्हणून वेळ मारून नेली. आज सांगते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो जास्त लागतो. ‘पावसाचा व्हिडिओ तयार मिळतो, तो लावला की झालं ना?’ नाही होत. मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने पडतो. ६ मीटर उंचीचा पडदा तो पाऊण सेकंदाच्या आत ओलांडतो. सेकंदाला २५ चित्रं दाखवली, तर एका चित्रातून दुसऱ्यात जाताना थेंब ३६ सेंटिमीटर खाली गेलेला असतो. ठिपका काढला तर डोळ्याला पडणं कळतच नाही, नुसती लुकलुक दिसते. म्हणून रेघ काढायची, आणि तीही जवळजवळ त्या उडीइतकी लांब. दिसायला सोपं जावं म्हणून वेग निम्म्यावर आणला की पावसाचा बर्फ होतो. शिवाय जवळच्या सरी लांब आणि वेगवान, मागच्या आखूड आणि मंद. मी तीन थर केले होते, १७, २३ आणि २९ सेकंदांचे. तिन्ही एकदम पुन्हा सुरुवातीला यायला तीन तासांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे तीच सर परत आली असं कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या पावसाची तुम्ही आठवण काढता तो हा. त्यावर माझे दोन महिने गेले होते. तो मी आळसाने किंवा पैसे वाचवायला काढून टाकला असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

आता त्या नाटकाच्या शुभारंभाच्या रात्रीचं.

त्याचा शेवटचा प्रवेश तुम्हाला माहीत आहे. मुलगी नऊ वर्षांनी वडिलांच्या दारात येते, ते दार उघडत नाहीत. पुढे जाळीचा पडदा, प्रोजेक्टर प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला. रंगीत तालमीत मुलीच्या जागी दुसऱ्याच कुणाला तरी उभं करून पाऊस सोडला, तर दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभे राहिले. शुभारंभाला पाऊस सुरू झाला आणि टाळ्या पडल्या. एवढ्या, की त्यांत मुलीचं काम करणाऱ्या ताईंचं पहिलं वाक्य वाहून गेलं. ‘बाबा, मी आहे.’ अख्खा प्रवेश त्या तीन शब्दांवर उभा आहे. आणि मी खूश होते. लाइटच्या केबिनमध्ये बसून मी त्या टाळ्या माझ्या म्हणून ऐकत होते.

समोरून टाकलेलं चित्र जाळीवर थांबत नाही. जाळीच्या भोकांतून पुढे जातं. तोच पाऊस ताईंच्या चेहऱ्यावर पडत होता आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर तिसऱ्यांदा. जाळीवरचा पाऊस उठून दिसावा म्हणून त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रकाश मी स्वतः उतरवला होता. मग ती शांतता आली. दार उघडणार नाही हे मुलीला कळतं आणि ती काहीच बोलत नाही, ती जागा. ताईंचे डोळे कुणालाच दिसत नव्हते. लोक पाऊस बघत होते.

त्यानंतर ब्लॅकआऊट. प्रोजेक्टरला काळं टाकता येत नाही. काळं चित्र दिलं तरी थोडा उजेड गळतोच. रंगमंचावर एक राखाडी चौकोन तरंगत राहिला आणि त्या उजेडात, नाटकभर ज्यांना चालता येत नाही ते वडील खुर्चीतून उठून विंगेत चालत गेलेले सगळ्यांनी पाहिले.

मेकअप रूममध्ये ताई चेहरा पुसत होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अगं, तोंडावरून पाऊस जात होता आणि मी कोरडीच. मला कळेना, मी कुणासाठी उभी आहे.’

मी वाद घातला. तालमीत सगळ्यांनी पास केलं होतं. लेन्सपुढे सरकणारं झाकण मी मागितलं होतं, ते मिळालं नाही. हे दोन्ही आजही खरं आहे. पण झाकणाने ब्लॅकआऊट वाचला असता, ताईंचा चेहरा वाचला नसता. तुम्ही अजून त्या पावसाबद्दल विचारता. त्या शांततेबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

खरा पाऊस तरी आपल्याला कुठे सगळीकडे दिसतो? मागून किंवा बाजूने उजेड आला आणि पलीकडे अंधार असला तरच. दिव्याखाली, गाडीच्या झोतात. एरवी तो ऐकूच येतो. म्हणून या नाटकात मी जुनी पद्धत घेतली. दिव्यासमोर ओरखडे काढलेली काळी काचेची चकती फिरवायची. चकती गोल फिरते म्हणून थेंब कमानीत पडतात, त्यामुळे कडेचा जो तुकडा जवळजवळ सरळ खाली जातो तेवढाच लेन्ससमोर धरायचा आणि फोकस किंचित मोडायचा. तावदानावर ओल सरकल्यासारखं दिसतं. बाकीचं काम आवाज आणि खांद्यावर भिजलेली शाल करते. चेहऱ्यावर चेहऱ्याचा प्रकाश राहतो.

दोन महिने खपलेली ती आधीची मी मात्र गप्प बसत नाही. ती म्हणते, तू घाबरलीस. जाळी मागे न्यायची होतीस, ताईंना जाळीच्या पुढे आणून बाजूने प्रकाश द्यायचा होतास, पाऊसही राहिला असता आणि डोळेही. तिचं म्हणणं चूक नाही. मागच्या आठवड्यात शेवटच्या रांगेतले एक काका म्हणाले, ‘मध्यंतरापर्यंत पाऊस आहे हे कळलंच नाही, मग तो माणूस छत्री का शोधतोय?’ त्यांना काय सांगणार? मलाही ती छत्री खटकते.

आता पुढच्या नाटकासाठी पुन्हा धो धो पाऊस मागितला आहे. दोन मिनिटं, रिकामं अंगण, रंगमंचावर कुणीही नाही. जुने तीन थर काढून बघते आहे. हो म्हटलेलं नाही. लेन्सपुढच्या झाकणाचं मात्र या वेळी आधीच लेखी घेतलं आहे.